राहू दे

तो गोल देवरावांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, टीव्हीचा आवाज फुल होता आणि जो तो बोलत होता; म्हणजे पाहिला नाही म्हटलं तरी चालेल. खरा पाहिला तो आठवड्यानंतर, सुपेल्याच्या बाजारात, मोहितच्या मोबाइलच्या दुकानात. फोनची काच तडकली होती म्हणून ते गेले होते. मोहित काच बदलायची सोडून एका गिऱ्हाइकाला आपल्या फोनवर काहीतरी दाखवत होता आणि दोघं हसत होते. हसणाऱ्या माणसाला साक्षीदार लागतोच, म्हणून त्यानं फोन देवरावांकडे वळवला. त्याचे ओठ म्हणाले, देखो अंकल, नेशनल फाइनल, अपने भिलाई की लड़की, मुँह खोल के रह गई. देवरावांनी पाहिलं तर त्यांचीच अपेक्षा होती, गोलकीपरच्या ग्लोव्ह्जमध्ये. कोणीतरी फुटबॉलच्या फायनलमधल्या त्या गोलचा तेवढाच तुकडा कापून, अगदी संथ करून, खाली हसरी तोंडं चिकटवून गावभर सोडला होता. चेंडू उंचावरून येत होता. तिच्या टीमची बॅक, टीना, उलट्या पावलांनी मागे सरकत होती, नजर वर. तिच्या मागून अपेक्षा गोल सोडून धावत येत होती. मग अपेक्षाचं तोंड उघडलं, चांगलं आ करून उघडलं. मग ओठांचा चंबू झाला. मग ओठ दोन्हीकडे ताणले जाऊन दात दिसले. तेवढ्यात टीना तिच्यावर आदळली, चेंडू दोघींच्या मधून निसटून रिकाम्या गोलात गेला आणि तुकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. अंधारात जिन्याची एक पायरी चुकावी तसं देवरावांना झालं. 'राहू दे' म्हणाली होती त्यांची मुलगी. देशाच्या फायनलमध्ये, शेवटच्या मिनिटांत, घरातल्या बोलीत, 'राहू दे'.

त्यांनी मोहितला पुन्हा दाखवायला सांगितलं. मोहितला वाटलं, म्हाताऱ्याला मजा आली. तिसऱ्यांदा त्यानं फोनच हातात दिला. देवरावांनी चेहरा सरळ ठेवून पाहिलं, आणि आपण तिचे बाप आहोत हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बिचारा शरमला असता, काच फुकट बसवून दिली असती, चहा मागवला असता. एवढा सगळा उपद्व्याप करायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. काचेचं काय करू, असं मोहितनं विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून गेलं, रहने दो. आणि म्हणता म्हणता आपलं तोंड कसकसं होतं याकडे त्यांचं आयुष्यात पहिल्यांदा लक्ष गेलं.

देवराव स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये हॉट सॉवर होते, म्हणजे लालबुंद रूळ कापणाऱ्या करवतीवर. ती करवत रुळाला लागली की शेजारचा माणूस बोंबलला तरी त्याचे फक्त दात दिसतात. म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलतात. देवराव भंडाऱ्याकडचं गाव सोडून आले तेव्हा त्यांचा जोडीदार केवलराम होता, इथलाच, आणि केवलरामची छत्तीसगढी ते कानांनी नाही, डोळ्यांनी शिकले. पुढे कितीतरी वर्षांनी केवलरामच्या पोराच्या लग्नात मांडवात बसून त्यांनी तीच भाषा शांतपणे ऐकली तर ती त्यांना परकी वाटली. कान हळूहळू गेले. त्यांची बायको गयाबाई म्हणायची मिलनं नेले. पण देवरावांचा बाप चिंधू, ज्यानं आयुष्यात बैलाच्या घंटीपेक्षा मोठा आवाज ऐकला नव्हता, तोही पन्नाशीत असाच ठार बहिरा झाला होता, तेव्हा दोष कोणाला द्यायचा? कानाचं मशीन घ्या म्हणून सगळे मागे लागले. राहू दे, म्हणाले देवराव. घरातल्यांनी मग आपली रीत बदलली. बोलायचं असलं की त्यांच्या समोर यायचं, तोंड दाखवायचं, शब्द सावकाश घडवायचा. अपेक्षा तर ते बोलायला शिकण्याबरोबरच शिकली. तिच्याइतकं स्वच्छ तोंड घरात कोणाचं नव्हतं. तेव्हा त्या तुकड्यात ती काय म्हणाली याबद्दल देवरावांच्या मनात शंका नव्हती, आणि शंका नव्हती हीच तर पंचाईत होती.

मोपेड काढून ते चौकातल्या गर्दीत शिरले. मे महिन्याचं ऊन, हातगाड्या, ट्रक, अंगावर येणारे ऑटो. आवाज नसला की गर्दी जास्तच अंगावर येते हे ऐकू येणाऱ्यांना कळायचं नाही. चौक ओलांडून टाउनशिपच्या झाडांखाली आल्यावर त्यांनी गाडी हळू केली. फायनलच्या दिवशीचं त्यांना आठवत होतं. समोरच्या लाइनीतला कौस्तुभ, अकाउंट्समधल्या साहेबांचा मुलगा, त्या दिवशी मुद्दाम इंग्रजी कॉमेंट्री समजावून सांगायला येऊन बसला होता. गयाबाईनं कधी नव्हे ते टीव्हीला हळदीकुंकू लावलं होतं. मॅच बरोबरीत होती. अपेक्षानं एक पेनल्टी अडवली तेव्हा सगळे उठून उभे राहिले, त्यामुळे देवरावांना ती दिसली नाही. मग जादा वेळ. मग तो गोल. सगळे एकदम बसले, आणि देवरावांना दिसल्या त्या दोन पोरी, गवतावर पडलेल्या, आणि एक निळा झेंडा घेऊन पळणारी दुसरीच टीम. कौस्तुभ त्यांच्यासमोर येऊन, तोंड दाखवून म्हणाला होता, "काका, कॉमेंटेटर म्हणतोय, कीपरनं कॉल दिला नाही." गयाबाईला वाटलं फोनचं बोलत आहेत. मैदानात फोन कावून न्यायचा, पडला तर फुटन ना, असं ती म्हणाली आणि एवढ्या सुतकातही दोघा-तिघांना हसू आलं. मग कौस्तुभनं सांगितलं की असा चेंडू आला की गोलकीपरनं ओरडून सांगायचं असतं, माझा आहे, तू सोड. 'कीपर' असं ओरडतात, नाहीतर मग इंग्रजीत सोड म्हणतात. न ओरडल्यामुळे टीनाला कळलं नाही आणि दोघी एकाच चेंडूवर गेल्या. चुकी कीपरची. एवढं बोलून तो ओशाळला आणि पाणी प्यायला आत गेला.

'कीपर' नव्हतं ते. 'कीपर' म्हणताना मध्ये ओठ मिटावे लागतात, आणि अपेक्षाचे ओठ कुठेच मिटले नव्हते. आ, चंबू, दात. घरात दिवसातून शंभर वेळा पाहिलेलं. पण हे जगात कोणाला सांगायचं, आणि सांगून काय करायचं? कप काही परत येणार नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती बोली घरात टिकवली होती त्यांनीच. पोरं शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, एकमेकांशी भांडायची तीही हिंदीत. देवरावांनी एकच कायदा केला होता, उंबऱ्याच्या आत मराठी बोलायची. साहेब लोकांच्या घरची मराठी ती ही नव्हे, ही मले-तुलेवाली, जिला ते लोक हसायचे; पण आहे ती आपली आहे, तिला घराबाहेर काढायची नाही. बाकी कशाचा हट्ट धरला नाही त्यांनी. गावच्या वाटणीत भावानं विहिरीकडचा तुकडा घेतला, राहू दे. प्रमोशनच्या परीक्षेत मागे पडले, राहू दे. मुलानं, कमलेशनं, नोकरी धरली आणि सुरतला जाऊन हिंदी बोलणारी बायको केली, राहू दे. एक बोली तेवढी धरून ठेवली, आणि तिनं नेमका भर मैदानात गोल खाल्ला. मणिपूरहून आलेल्या टीनाला 'राहू दे' कळणार तरी कसं? तिला हिंदीच मोडकीतोडकी येत होती. देवरावांना हसू आलं आणि लगेच रडूही आलं, आणि दोन्हींचं काय करायचं ते न कळून त्यांनी एका गुलमोहराखाली गाडी थांबवून घाम पुसला.

अपेक्षा येऊन पाच-सहा दिवस झाले होते. आली ती सरळ आतल्या खोलीत जाऊन झोपली. ट्रॉफीच्या वेळी दिलेलं रुपेरी पदक गयाबाईनं तिच्या पिशवीतून काढून देवापुढे ठेवलं, ते तिनं उचलून कपाटात टाकलं. दुसऱ्या दिवशी ती देवरावांसमोर येऊन बसली, तोंड दाखवून, सावकाश म्हणाली की बाबा, मेरी आवाज़ ही नहीं निकली. मले वाटून राहिलं होतं का मी वरडून राहिली, पर निकली ही नहीं. सगळे म्हणून राहिले, तू गप्प होती. टीव्हीवर, पेपरात, सगळीकडे. टीना तर जवळच होती, तिनंही ऐकलं नाही. मग खरंच निघाली नसेल. हे तिनं आपला एखादा आजार सांगावा तसं सांगितलं. गळ्याला हात लावून दाखवला. पुढे म्हणाली, ज्या कीपरचा ऐन वेळी आवाज निघत नाही तिनं उभं राहू नये, पुढची टीम मरते. टीनाचे फोन येत होते, रोज, तेही ती घेत नव्हती. क्या बोलूँगी उसको, असं म्हणून फोन पालथा घालायची. तिच्या कोच मॅडमनी सांगितलं होतं की क्लबला ती पुढच्या सीझनला हवी आहे, कॅम्प लवकर सुरू होतो, काय ते कळव. त्याची मुदत आज संध्याकाळची. सकाळी चहा पिता पिता अपेक्षा म्हणाली, नाही म्हणून कळवते. रसमड्याच्या एका कारखान्यात ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला मुलगी हवी होती, केवलरामच्या ओळखीनं, ते करीन. गयाबाई म्हणाली, राहू दे मंग.

आणि देवरावांना बरं वाटलं होतं. हे आता गुलमोहराखाली उभं राहून त्यांनी स्वतःशी कबूल केलं. दुसऱ्या कोणाला ते कधी सांगणार नव्हते. सकाळी त्या चहाच्या कपामागे त्यांना चक्क हलकं वाटलं होतं. रिटायरमेंट तोंडावर आली होती, क्वार्टर सोडायचं होतं, भाड्याचं घर पाहायचं होतं. कमलेश तिकडे गेलेला. अशा वेळी पोरगी घरी राहील, डबा घेऊन सकाळी जाईल, संध्याकाळी येईल, समोर बसून तोंड दाखवून बोलेल. वर्षाचे नऊ महिने ती कुठल्या कुठल्या गावात असायची आणि फोनवर देवरावांना तिचं काहीच कळायचं नाही. व्हिडिओ लावला तरी नेटवर्कनं तिचे ओठ तुटायचे. बायकांच्या फुटबॉलला विचारतं कोण? फायनलला स्टँड रिकामे होते. आज गप्प राहिलं की झालं. काही खोटं बोलायचं नव्हतं, नुसतं बोलायचं नव्हतं, आणि त्याची तर त्यांना जन्माची सवय होती. तिच्या गळ्यानं दगा दिला असंच तिला वाटत राहील, पण ती घरी राहील. सांगितलं तर? तर एक वेळ ती म्हणेल, बाबा, तुमच्या या घराच्या बोलीनं मला बुडवलं. तेही सोसता येईल. पण तिला जर असं वाटलं की आपण 'राहू दे' म्हणालो, म्हणजे ऐन वेळी आपण सोडून दिलं, बापासारखं? तो शब्द त्यांचा होता. त्यांच्या तोंडात तो झिजून गुळगुळीत झाला होता. पोरीच्या तोंडात तो सापडावा हे त्यांना एखाद्या वाईट व्यसनासारखं वाटलं, बिडीसारखं. ते थकले होते, आणि या थकव्याला झोप हे औषध नव्हतं.

घरी आले तर कूलर कोरडा फिरत होता. गयाबाई आत भाजी चिरत होती, अपेक्षाच्या खोलीचं दार लोटलेलं. देवरावांनी मागच्या नळावर बादली भरली आणि उचलली, तर कमरेत कळ आली आणि ते तसेच वाकून राहिले. बादलीच्या कडीवर दुसरा हात आला. वर पाहिलं तर गयाबाई. तिचं तोंड म्हणालं, राहू द्या, मी घेतो. आणि तिनं बादली उचलून नेलीसुद्धा. पदर खोचलेली, वाकडी चालत, पाणी हिंदकळवत. रोजचंच होतं. त्यांच्या लग्नाला जितकी वर्षं झाली तितकी वर्षं ती हे म्हणत आली होती, बादलीला, सिलिंडरला, गव्हाच्या पोत्याला. देवराव नळाजवळ तसेच उभे राहिले. नळ चालू होता आणि तो बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. म्हणजे घरात हा शब्द एकच नव्हता. त्यांच्या तोंडचा वेगळा होता आणि बायकोच्या तोंडचा वेगळा. ते म्हणायचे तेव्हा एखादी गोष्ट तिथेच पडायची. ती म्हणायची तेव्हा तीच गोष्ट उचलली जायची. त्यांना म्हणताना 'दे'चं 'द्या' व्हायचं एवढंच, बाकी अक्षरं तीच, ओठ तेच. इतक्या वर्षांत हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, ओठ वाचणारे म्हणून मिरवत होते तरी.

मागची भिंत समोर होती. तिच्यावर अजून कोळशाच्या दोन उभ्या रेघा होत्या, पावसानं पुसट झालेल्या, अपेक्षाच्या पहिल्या गोलपोस्टच्या. तेव्हा ती एवढीशी होती आणि बाबाला 'तू' म्हणायची. देवराव पहिल्या शिफ्टहून यायचे, हातपाय धुवायचे आणि बॅक म्हणून उभे राहायचे. पुढून कमलेश मारायचा. चेंडू आपल्याकडे आला की देवराव सवयीनं वाकायचे, अडवायला. की मागून ती ओरडायची, बाबा, राहू दे! तेव्हा कान शाबूत होते, निदान तिच्या आवाजापुरते. ते बाजूला व्हायचे. आणि ती भिंतीवरून उडी घेतल्यासारखी येऊन चेंडूवर पडायची, ढोपरं सोलून घ्यायची, गयाबाईच्या शिव्या खायची. एकदाही त्यांची टक्कर झाली नाही. बाजूला कधी व्हायचं हे देवरावांना बरोबर कळायचं, कारण शब्द घरातला होता. मग शाळेचं मैदान, स्टेडियम, हॉस्टेल. तिकडे ती 'कीपर' ओरडायला शिकली, सगळ्यांसारखी, आणि इतकी वर्षं तेच ओरडत आली असणार. त्या दिवशी जादा वेळात, पाय संपलेले, छाती फाटलेली, तिला शिकवलेलं काही आठवलं नाही. आठवला तो हा शब्द. आणि तो आईचा होता, बापाचा नव्हता.

त्यांनी नळ बंद केला. आतल्या खोलीचं दार ढकललं तर अपेक्षा भिंतीला टेकून बसली होती, फोन मांडीवर, बोट पडद्यावर. मॅडमना कळवत होती बहुतेक. देवराव तिच्यासमोर जमिनीवर बसले. कमरेनं तक्रार केली, पण बसले.

"अपू, तू वरडली होती," ते म्हणाले.

तिनं मान वर केली. तिला राग आला नाही, फक्त कंटाळा आला, घरच्या माणसाच्या समजुतीचा येतो तसा. ओठ सावकाश घडवून ती म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना. तुमाले तर आयकूच येत नाई."

"म्हनूनच सांगून राहिलो. बाकीच्यांनी नुसतं आयकलं. मी पायलं."

मग त्यांनी आवाज न काढता तोंड उघडलं, चंबू केला, दात दाखवले. अपेक्षा नुसती पाहत राहिली. त्यांनी पुन्हा केलं. तिचे ओठ आपोआप त्यांच्या ओठांमागे गेले, लहानपणी ती मिलमधली भाषा शिकताना जायचे तसे, आणि तिसऱ्या वेळेला तिला स्वतःच्या तोंडात तो शब्द सापडला. तिनं हात तोंडावर ठेवला. देवराव थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. सुपेल्यात पाहिलेलं सांगितलं. 'कीपर' म्हणायला ओठ मिटावे लागतात ते सांगितलं. टीनाला ऐकू आलंच असेल, पण तिला तो नुसता आवाज वाटला असेल, माणसांच्या गलक्यासारखा. कळायला ती काय आपल्या घरची होती? गळा तुझा साबूत आहे. चुकी झाली ती बोलीची झाली, आणि बोली मी ठेवायला लावली. रागवायचं तर माझ्यावर रागव. एवढं बोलून त्यांना धाप लागली.

अपेक्षानं तोंडावरचा हात काढला नाही. मग तिचे खांदे हलायला लागले. देवरावांना ती हसते की रडते ते कळेना, कारण तोंड हातानं झाकलेलं होतं, आणि तोंड झाकलं की ती त्यांच्यासाठी दुसऱ्या खोलीत गेल्यासारखी व्हायची. त्यांनी हळूच तिचा हात बाजूला केला. दोन्ही चाललं होतं. "पूरे फाइनल में," ती म्हणाली, "पूरे फाइनल में मराठी!" आणि मग एकदम थांबून, "बाबा, पर टीना... वह मेरे को रोज़ फोन क्यों कर रही है?" हे ती त्यांना विचारत नव्हती. फोन तिच्या हातातच होता. ती उठली आणि मागच्या दारानं अंगणात गेली.

खिडकीच्या जाळीतून देवरावांना ती दिसत होती. ऊन कलतं झालं होतं, भिंतीची सावली तिच्या पायांपर्यंत आली होती. तिनं फोन कानाला लावला. सुरुवातीला ती काहीच बोलत नव्हती, ऐकत होती, आणि पलीकडून टीना काय म्हणत होती ते देवरावांना या जन्मात कळणार नव्हतं. पण तिनं काय विचारलं ते मात्र कळलं, कारण अपेक्षाचं तोंड उघडलं, ओठांचा चंबू झाला, दात दिसले. सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून, जसं ती त्यांच्याशी बोलायची तसं. म्हणजे टीनानं ऐकलं होतं. कळलं नव्हतं, तरी आठ दिवस ती तेच विचारायला फोन करत होती, तू काय म्हणाली होतीस. देवरावांनी जाळीला हात धरले. मग अपेक्षा म्हणाली, मतलब. म आला, ओठ मिटले, ते त्यांना स्वच्छ दिसलं. मतलब, आणि ती अडली. 'राहू दे'चा अर्थ सांगायला तिला शब्द सापडत नव्हता. छोड़ दे म्हणेल, जाने दे म्हणेल, रहने दे म्हणेल. आणि यातलं काहीही म्हणाली तरी ते खोटं ठरणार नव्हतं, शब्द त्यांनी घरात तसाच वापरला होता. अपेक्षानं भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांकडे पाहिलं. मग तिचे ओठ मिटले, उघडले, आणि पुढे येऊन गोल झाले.

"मैं हूँ," ती म्हणाली. "मतलब, मैं हूँ ना."

देवराव जाळीपासून मागे झाले. गयाबाई ओले हात पुसत समोर येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, काय म्हनते, राहते का जाते? देवराव म्हणाले, जाते. असं काही ते अंगणातल्या ओठांवर वाचून आलेले नव्हते. गयाबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि ती पुन्हा आत गेली, पण तिथे तिनं काही चिरलं नाही, नुसती ओट्याला धरून उभी राहिली. घर आता पुन्हा तिघांचं दोघांचं होणार होतं, आणि तेही कुठल्या घरात कोणास ठाऊक. देवरावांनी स्टूल ओढलं. माळ्यावर अपेक्षाची किटची बॅग होती; आल्याच्या दिवशी तिनं ती स्वतःच वर फेकली होती, ग्लोव्ह्जसकट. ते स्टुलावर चढले, एक हात भिंतीला, दुसरा बॅगच्या पट्ट्याला. बॅग जड होती. पट्टा हाताला लागला पण बॅग हलेना, आणि कमरेत मघापासून दबा धरून बसलेली कळ पुन्हा उठली. ते तसेच अर्धे वर, अर्धे खाली अडकून राहिले. तोंड भिंतीकडे होतं. मागे कोण आलंय हे त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

"बाबा, राहू दे."

हे त्यांनी ऐकलं. पाहिलं नाही, ऐकलं. कूलरच्या घरघरीतून, बंद पडलेल्या कानांतून, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा तो आवाज होता. आणि मोठी झाल्यापासून बापाला 'तुमी' म्हणणाऱ्या पोरीनं 'दे' म्हटलं होतं. देवरावांनी पट्टा सोडला, स्टुलावरून उतरले आणि बाजूला झाले.